हॅमॉकच्या पट्ट्यांवरून पाणी आत येतंय, काय करू?

प्रश्न: हॅमॉकवर, म्हणजे दोन झाडांमध्ये पट्ट्यांनी टांगलेल्या झोपायच्या झोळीवर, टार्प (पावसासाठीचं ताडपत्रीसारखं छत) नीट ताणलेला असतो, वरून थेंबही पडत नाही, तरी जोराचा पाऊस झाला की झाडाचं पाणी पट्ट्यांवरून ओघळत येतं आणि डोक्याकडचं कापड, उशी सगळं ओलं होतं. काही उपाय आहे का?

रानभूल: पट्टी झाडाकडून हॅमॉककडे उतरती असते ना, म्हणून पाणी सरळ तुमच्याकडेच येणार. सुती नाडी घ्या, बुटाची जुनी पण चालेल, पट्टीला घट्ट गाठ मारा आणि टोकं वीतभर खाली लोंबू द्या, पाणी नाडीवरून खाली टपकतं. दोन्ही बाजूंना बांधा. आणि हे महत्त्वाचं, नाडी टार्पच्या कडेच्या आतच हवी, बाहेर बांधली तर नाडीच्या पुढे उरलेल्या पट्टीवर परत पाऊस पडतो आणि केलेलं सगळं फुकट.

डोंगरवेडा: +१. फक्त रुंद पट्टी असेल तर नाडीचे दोन वेढे द्या, पट्टी पूर्ण आवळली गेली पाहिजे, नाहीतर पाणी कडेने निसटतं. मी तर मध्ये धातूची रिंग पण टाकतो, तिच्या खालच्या कडेवरून बरंच पाणी गळून जातं, पण पट्टी पाणी शोषणारी असेल तर नुसत्या रिंगवर विसंबू नका, नाडी हवीच.

प्रश्नकर्ता: भारी! टार्पची दोरी पण आतून जाते माझी, तिलाही बांधू?

रानभूल: हो, टार्पखालून आरपार जात असेल तर तिलाही, दोन्ही टोकांना. अंधार पडायच्या आत पट्टीवर थोडं पाणी ओतून बघा, कुठून टपकतंय ते लगेच दिसतं.