नवतप्यात खिम्याचे गोळे मायक्रोवेव्हमध्ये: चालते का?

गोकुळपेठवाली
नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ कडक उन्हाचे दिवस, लागला की आमच्या ओट्यापाशी अर्धा तास उभं राहणं म्हणजे शिक्षाच. बाहेर ४५, आणि कूलरची हवा ओट्याकडे वळवली तर ज्योत फडफडून विझते. म्हणून माझं मत सरळ आहे: मे महिन्यात खिम्याचे गोळे मायक्रोवेव्हमध्येच करावे.

अर्धा किलो मटण खिमा, दोन-तीन चमचे डाळ्याची पूड, आलं-लसूण, बारीक चिरलेला सांबार (कोथिंबीर), मीठ, तिखट. लिंबाएवढे गोळे काचेच्या ताटलीत कडेकडेनं गोल मांडायचे, मधली जागा मोकळी ठेवायची. वर सैल झाकण. ८०० वॅटच्या मशीनला सात-आठ मिनिटं, मधे एकदा उलटवायचे. तेलाचा थेंब नाही. सासूबाई म्हणतात, याला स्वयंपाक म्हणत नाहीत. तुम्ही काय म्हणता?

तर्री_पाहिजेच
सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. मायक्रोवेव्हमधून निघालेला गोळा कधी नीट पाहिला का ताई? करडा, ओलसर, अन् बुडाशी पांढरा फेस साचलेला. कढईत गोळ्याला जी तपकिरी साल येते, वास तिचाच असते. ती नसली तं खाऊन काय फायदा?

रेशीमबागकर
साल का येत नाही ते सांगतो. गोळ्याचा पृष्ठभाग ओला आहे तोवर तो १०० अंशांच्या फारसा वर जात नाही, आणि मांस भराभर तपकिरी व्हायला १४० च्या आसपास लागतात. तापलेल्या तेलात ते सहज होते. मायक्रोवेव्हमध्ये गोळा तापतो, पण भोवतालची हवा तापत नाही, त्यामुळे अंगावरचं पाणी सुकत नाही.

पण भाऊ, सावजी रश्शात आपण कच्चे गोळे सोडतो तेव्हा कोणती साल येते? तेही उकळत्या रश्शातच शिजतात की. तेव्हा तुम्ही नाक मुरडत नाही.

महालचा_नातू
रस्सा अन् मायक्रोवेव्ह एका पंगतीत बसवू नका बाप्पा. रश्शात पडलेला गोळा आपली चरबी रश्शाला देते अन् रश्शातलं तिखट स्वतःत ओढून घेते. खसखस, दगडफूल, धणे भाजून वाटलेला मसाला असते त्यात. देवाणघेवाण आहे ती. तुमच्या ताटलीत तो गोळा एकटाच घाम गाळत बसते.

गोकुळपेठवाली
दादा, तो घाम मी फेकत नाही. ताटलीत सुटलेलं पाणी रश्शातच ओतते, आणि वाढण्याआधी गोळे पाच मिनिटं रश्शात ठेवते. रस्सा सकाळी सहाला, ऊन चढायच्या आत करून होतो. दुपारी एक वाजता गॅस पेटवायचा नाही, एवढंच माझं म्हणणं. रश्शाला हात लावायची माझी हिंमत नाही.

महालचा_नातू
मग कच्च्या लसणाचं काय करता? हा प्रश्न कोणीच विचारून नाही राहिलं. गोळ्यात कच्चं आलं-लसूण, कच्चा कांदा असते. रश्शात वीस मिनिटं उकळी मिळाली की तो उग्रपणा मरते. तुमच्या सात-आठ मिनिटांत मांस शिजते, लसूण नाही. ढेकर संध्याकाळपर्यंत पुरते.

गोकुळपेठवाली
हा मुद्दा मान्य. सकाळी रश्शाचा कांदा परतताना आलं-लसूणही चमचाभर जास्त परतायचं, आणि गार झाल्यावर तेच खिम्यात मळायचं. चिरलेला कच्चा कांदा तसाही घालू नये, पाणी सोडतो आणि गोळा भसकन फुटतो.

मोमीनपुरा_रविवार
चवीचं तुम्ही भांडा, मला दुसरंच सांगायचं आहे. अख्ख्या तुकड्यावरचे जंतू बहुतेक वरच्या वरच असतात, भाजलं की गेले. खिमा काढताना तेच आतपर्यंत मिसळले जातात. म्हणून गोळा मधोमध ७१ अंशांपर्यंत तापलाच पाहिजे, कोंबडीचा खिमा असेल तर ७४. मायक्रोवेव्हच्या लहरी मांसात दोन-तीन सेंटिमीटरच शिरतात, आणि सगळीकडे सारख्या पडत नाहीत. एक गोळा कडकडीत आणि शेजारचा आत गुलाबी, असं सहज होते.

तेव्हा गोळे लिंबाहून मोठे नको, सगळे एका मापाचे, आणि मशीन बंद झाल्यावर झाकण न काढता तीन मिनिटं तसेच राहू द्या. तेवढ्यात उष्णता आत पोचते. मग एखादा मधोमध फोडून पाहा. थर्मामीटर असेल तर उत्तम.

खाटकाकडून खिमा दोनदा काढून घ्या. एकदा काढलेल्या जाड खिम्याचे गोळे ताटलीत पसरतात, मग मशीनला शिव्या.

तर्री_पाहिजेच
एवढं सगळं सांभाळायचं असेल तं कढई काय वाईट आहे? अन् विजेचं बिल?

रेशीमबागकर
८०० वॅटचं मशीन भिंतीतून साधारण १२०० ते १३०० वॅट ओढते. आठ मिनिटं चाललं तर युनिटचा सहावा हिस्सा. तुमचा कूलर दिवसभरात किती खाते ते पाहा, मग बिलाचं बोला.

एक मात्र करून पाहा ताई. पूर्ण ताकदीवर सलग न ठेवता ७० टक्क्यांवर थोडा जास्त वेळ ठेवा. मांस एकदम आखडत नाही, फेसही कमी येतो.

पुण्याहून_परत
मायक्रोवेव्हवरचं कन्व्हेक्शनचं, म्हणजे गरम हवेनं भाजायचं, बटण कोणाला दिसत नाही का? २०० अंशांवर ठेवा, साल येते, वादच संपला.

तर्री_पाहिजेच
२०० अंशांची भट्टी पंधरा-वीस मिनिटं ओट्यावर तापवायची, वर आधी नुसती गरम करायला वेगळी. मग गर्मी वाचली कुठं? ताई गॅसपासून पळून राहिल्या अन् तुम्ही त्यांच्या घरात भट्टी लावून राहिले.

गोकुळपेठवाली
तर्रीभाऊ, एकदाचं पटलं तुमचं काहीतरी. कन्व्हेक्शन डिसेंबरात, तेव्हा त्याच्यापाशी उभं राहायला घरात भांडण होईल.