ग्रेट व्हॉल्टमधून डेल्व्हवाल्यांनाही हीरो गिअर: बरोबर की चूक?

जुना_गिल्डमास्तर (धागाकर्ता)

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट हा ऑनलाइन खेळ खेळणाऱ्यांत द वॉर विदिन हा विस्तारभाग (एक्सपान्शन) आल्यापासून, म्हणजे ऑगस्ट २०२४ पासून, एकच रड ऐकू येते: "एकटा डेल्व्ह करणाऱ्यालाही आमच्याच तोडीचं गिअर मिळतं." ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. गिअर म्हणजे पात्राची शस्त्रं-चिलखतं. डेल्व्ह ही एकट्यानेही करता येणारी छोटी मोहीम, डंजन छोट्या गटाची, रेड मोठ्या गटाची. मिथिक प्लस म्हणजे "की" लावून कठीण केलेलं डंजन. ग्रेट व्हॉल्ट ही आठवड्याची बक्षीसपेटी. आठवडाभर जे केलं त्यावर व्हॉल्टमध्ये पर्याय उघडतात. रेडच्या ओळीत २, ४ आणि ६ बॉसवर, मिथिक प्लसच्या ओळीत १, ४ आणि ८ डंजनवर, डेल्व्हच्या ओळीत २, ४ आणि ८ डेल्व्हवर. जास्तीत जास्त ९ पर्याय, त्यातली एकच वस्तू घ्यायची. आठव्या टियरच्या (काठिण्यपातळीच्या) डेल्व्ह केल्या की ती वस्तू हीरो ट्रॅकची असते, म्हणजे हिरोइक रेडमध्ये पडते त्याच दर्जाची.

माझं मत असं की हे बरोबर आहे, आणि आपण "कॅज्युअल" हा शब्दच चुकीचा वापरतो. हिशेब करा. बहुतेक मिथिक गिल्ड (सगळ्यात कठीण पातळीची रेड करणारे संघ) आठवड्याला ३ रात्री, रात्रीचे ३ तास रेड करतात: ९ तास. अनोळखी लोकांबरोबर की लावणारे कित्येक जण २० तास सहज घालवतात, त्यातले निम्मे ग्रुप जमायची वाट बघण्यात. तरी पहिला हार्डकोअर आणि दुसरा कॅज्युअल? फरक तासांचा नाहीच. फरक एवढाच की पहिल्याचा वेळ इतर १९ जणांना बांधलेला आहे आणि दुसऱ्याचा त्याच्या स्वतःच्या हातात. ज्याला रात्री नऊला बसता येईल की नाही हे नऊ वाजताच कळतं, त्याला खेळात वर चढायचा रस्ता असायला हवा.

पुलटायमर

असहमत, पण तुम्हाला वाटतं त्या कारणासाठी नाही. दुसऱ्याला गिअर मिळालं म्हणून कोणत्याही शहाण्या रेडरचं पोट दुखत नाही. दुखणं वेगळंच आहे. जी गोष्ट कॅज्युअल लोकांसाठी म्हणून आणली जाते, ती हार्डकोअर लोकांवर सक्तीची होऊन बसते.

२०२० चं टॉरगास्ट आठवा. एकट्याने आरामात चढायचा मनोरा म्हणून त्याची जाहिरात होती. पण लेजंडरी (सगळ्यात ताकदीची वस्तू) बनवायला लागणारी सोल अ‍ॅश तिथेच मिळायची, त्यामुळे २० च्या २० रेडरना दर आठवड्याला तो मनोरा चढणं भाग पडलं. त्याआधी लीजन या एक्सपान्शनमध्ये आर्टिफॅक्ट पॉवरला (खास शस्त्र वाढवायच्या गुणांना) तळच नव्हता, म्हणून लोकांनी मॉ ऑफ सोल्स हे एकच छोटं डंजन शेकडो वेळा केलं. रेड करून कोणी गिल्ड सोडत नाही, या पाणी भरण्याच्या कामांना कंटाळून सोडतात. आता डेल्व्हची ओळ व्हॉल्टमध्ये आली म्हणजे सीझनच्या पहिल्या आठवड्यात रेड लीडर म्हणणारच: "आठ डेल्व्ह करून या."

आणि ९ तासांचा हिशेबही अर्धाच आहे. मिथिकला नेमके २० लागतात, एकही कमी चालत नाही. म्हणून रोस्टर २४-२६ चं ठेवावं लागतं. चार-सहा जण दर रात्री बेंचवर, तयार होऊन, बिनकामाचे. लॉग (लढाईच्या नोंदी) वाचणं, कोणी काय करायचं ते लिहिणं, फ्लास्क-फूड-रून अशा ताकद वाढवणाऱ्या वस्तूंचा खर्च, हे कुठल्याच घड्याळात दिसत नाही. २०१७ मध्ये मिथिक किलजेडन हा बॉस जगात पहिल्यांदा पडला तो ६५४ वाइपनंतर, म्हणजे सगळा गट ६५४ वेळा मेल्यावर. त्या गिल्डने वेळ किती दिला यापेक्षा तेच वीस जण सहाशे वेळा तीच चूक मोजत कसे बसले, हे मला हार्डकोअर वाटतं.

हीलरबाई

पुलटायमर, टॉरगास्टबद्दल शंभर टक्के. पण डेल्व्हला तोच न्याय लावू नका. सोल अ‍ॅशला दुसरा रस्ता नव्हता, व्हॉल्टला आहे. आठवड्याला आठ की लावणाऱ्याला डेल्व्हची ओळ लागतच नाही, कारण दहाव्या पातळीच्या कीने व्हॉल्टमध्ये मिथ ट्रॅक मिळतो, डेल्व्हचा हीरो त्याखालीच. आणि वस्तू हातात आली तरी काम संपत नाही. द वॉर विदिनमध्ये हीरो ट्रॅकच्या शेवटच्या पायऱ्या चढायला गिल्डेड क्रेस्ट (वस्तू सुधारायचं चलन) लागायच्या, त्या मिळायच्या मिथिक रेडमध्ये नाहीतर वरच्या कीजमध्ये. दुसऱ्या सीझनपासून अकराव्या टियरच्या डेल्व्हमध्येही मिळू लागल्या, पण मोजून. थोडक्यात दार उघडं असलं तरी जिना आहेच.

माझा खरा आक्षेप एलएफआरवर (लुकिंग फॉर रेड) आहे. नोव्हेंबर २०११ ला आलेलं हे २५ जणांचं आपोआप जुळणारं रेड. त्यात वाइप झालं की प्रत्येक वेळी सगळ्यांना ५ टक्के ताकद वाढवून मिळते, दहा वेळा मेलात की ५० टक्के. मग बॉसची मेकॅनिक (त्याचे डाव आणि ते चुकवायची रीत) कोण शिकेल? जमिनीवरच्या आगीत उभं राहिलं तरी हीलर (जखमा भरणारा) ओढून नेतो. तोच माणूस महिन्याने नॉर्मल रेडमध्ये येतो आणि त्याच आगीत उभा राहून विचारतो, "हील का नाही आलं?" कॅज्युअल खेळाडूला सोपं द्या, पण खोटं देऊ नका. २०१० च्या आइसक्राउन या रेडमध्ये जी पद्धत होती ती याहून बरी: सगळ्यांना एकच रेड, आणि दर काही आठवड्यांनी ५-५ टक्के करत ३० टक्क्यांपर्यंत मदत वाढत गेली. आधी पोचला तो कठीण वाटेने पोचला, नंतरचे सोप्या वाटेने, पण बघितला सगळ्यांनी तोच शेवटचा बॉस, लिच किंग.

पुलटायमर

त्या ३० टक्क्यांनी हिरोइक लिच किंगचंही पाणी पातळ झालं, ते विसरू नका. बाकी एलएफआरबद्दल +१.

चहा_ब्रेक

एलएफआरला शिव्या देताना ते का आलं हेही सांगा की. ४० जणांचं नॅक्सरामस हे रेड जून २००६ मध्ये उघडलं आणि जानेवारी २००७ मध्ये पुढचं एक्सपान्शन आलं. त्यातल्या फोर हॉर्समेन या बॉसना आठेक टँक (मार अंगावर घेणारे) लागायचे, सगळे तयार गिअरचे. ज्या गिल्डमध्ये दोन टँक रडतखडत यायचे त्यांनी काय करायचं? मूठभर गिल्डनीच ते संपवलं. शेवटी ब्लिझार्डने २००८ मध्ये तेच नॅक्सरामस १० आणि २५ जणांसाठी पुन्हा आणलं, कारण इतकी मेहनत घेऊन बांधलेला वाडा फारसा कोणी पाहिलाच नव्हता. एलएफआरमागेही हाच विचार. हार्डकोअरांसाठी बनवलेल्या गोष्टीचा खर्च कॅज्युअलांच्या वर्गणीतून येतो. हे कटू वाटलं तरी गणित तसंच आहे.

शून्य_मृत्यू

धाग्यात "हार्डकोअर" इतक्यांदा आलं आणि खऱ्या हार्डकोअरबद्दल कोणी बोललंच नाही. ऑगस्ट २०२३ पासून क्लासिकचे (खेळाच्या मूळ जुन्या आवृत्तीचे) अधिकृत हार्डकोअर सर्व्हर आहेत: एक जीव, मेलात की संपलं. भूत होऊन साध्या सर्व्हरवर फुकट जाता येतं, पण इथे परत नाही. गंमत अशी की धागाकर्त्याची व्याख्या लावली तर हा सगळ्यात कॅज्युअल प्रकार ठरतो. कोणी तुमची वाट बघत नाही. साठ लेव्हल होईपर्यंत एक डंजन २४ तासांत एकदाच करता येतं, त्यामुळे रात्रभर तेच ते घासता येत नाही. सराईत जाऊन लॉगआउट करा: दर ८ तासांना लेव्हलच्या ५ टक्के विश्रांती साठते, दीड लेव्हलपर्यंत, म्हणजे पूर्ण भरायला १० दिवस. तेवढ्या भागाला मारलेल्या प्रत्येक शत्रूचा एक्सपी (लेव्हल वाढवणारे अनुभवगुण) दुप्पट. (बीटामध्ये हेच उलट होतं, जास्त वेळ खेळलं की एक्सपी निम्मा व्हायचा. लोक भडकले, तेव्हा आकडे तेच ठेवून "दंडा"चं नाव "बक्षीस" केलं.)

इथे लागतं ते लक्ष. वेस्टफॉल भागातले डिफायस पिलेजर हे शत्रू १४-१५ लेव्हलचे, लांबून फायरबॉल टाकतात. दोघे एकदम मागे लागले तर पळू नका, पाठीत फायरबॉल बसतात. घराच्या भिंतीआड जा म्हणजे ते जवळ येतात. माणसासारखे शत्रू मरायला टेकले की पळून शेजाऱ्यांना घेऊन येतात, म्हणून स्लो किंवा स्टन तेव्हासाठी राखून ठेवायचा. डस्कवुडमध्ये रस्ता सुरक्षित समजू नका: कोणीतरी अ‍ॅबरक्रॉम्बी या पात्राची क्वेस्ट (कामगिरी) पुरी केली की ३५ लेव्हलचा एलिट (एकट्याला न झेपणारा) राक्षस स्टिचेस त्याच रस्त्याने डार्कशायर गावाकडे निघतो, आणि तुम्ही असता पंचविशीत. ज्याने क्वेस्ट पुरी केली तो खेळाडू कधीच पसार.

हार्थस्टोनने (सराईत परत नेणारा दगड) निसटायला १० सेकंद लागतात. पॅलाडिनची पहिल्या रँकची डिव्हाइन शील्ड (इजा होऊ न देणारं कवच) टिकतेही १० च, म्हणजे बटण दाबायला अर्धा सेकंद उशीर झाला की गेलात. पन्नासाव्या लेव्हलला दुसरी रँक येते, १२ सेकंदांची, तेव्हा जरा श्वास घ्यायला जागा मिळते.

रात्रपाळी

सगळं ठीक, पण साठपर्यंत पोचायला सावकाश खेळणाऱ्याला दीडशे-दोनशे तास लागतात आणि ते एका राउटरच्या उचकीत जातात. भारतात या खेळाचा सर्व्हर नाही. मुंबई-पुण्याहून युरोपला पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ) सव्वाशे-दीडशे मिलिसेकंद. शहराबाहेर लॉगआउटला २० सेकंद, आणि लढाईत असाल तर लॉगआउट होतच नाही; नेट गेलं तरी तुमचं पात्र तिथेच उभं राहून मार खातं. नियम म्हणतो, डिस्कनेक्ट झालात तर तुमचं नशीब. मार्च २०२५ मध्ये प्रसिद्ध स्ट्रीमरांच्या गिल्डवर सर्व्हर पाडण्याचा हल्ला झाला, तेव्हा मात्र मेलेली पात्रं उठवली. आमच्याकडे एमएसईबीने लाइट घालवली तर कोण उठवणार?

आणि वेळापत्रकाचा मुद्दा आपल्याला दुप्पट लागू आहे. युरोपातली रात्री आठची रेड हिवाळ्यात आपल्याकडे साडेबारा, उन्हाळ्यात साडेअकरा. तिकडचं घड्याळ मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटी बदलतं, आपलं नाही. त्या आठवड्यात निम्मे भारतीय रेडर तासभर लवकर किंवा उशिरा उगवतात. दुबईवाल्यांचं बरं, त्यांना हिवाळ्यात अकरा. ऑस्ट्रेलियाच्या सर्व्हरवर त्यांचे आठ म्हणजे आपले दुपारचे अडीच-साडेतीन, ऑफिसात बसून रेड. म्हणून इथला मिथिक रेडर शोधून सापडत नाही. त्याच्यात दम नसतो असं नाही, सकाळी आठला लोकल असते.

हीलरबाई

पिंगचं एक: तुमचा १४० असेल तर, डीफॉल्ट स्पेल क्यू विंडो (पुढचा स्पेल आधीच रांगेत लावायची मुदत) ४०० मिलिसेकंदांची असते, ती रोटेशनसाठी (स्पेल टाकायच्या ठरलेल्या क्रमासाठी) सोयीची. पण हीलर किंवा इंटरप्ट करणारे (शत्रूचा स्पेल तोडणारे) असाल तर आधीच रांगेत लागलेला स्पेल रद्द होत नाही आणि बटण मेल्यासारखं वाटतं. पिंगमध्ये शंभर मिळवून २४०-२५० ठेवून बघा. त्याहून खाली आणलंत तर दोन स्पेलमध्ये फट पडायला लागते.

शून्य_मृत्यू

रात्रपाळी, नेट जाण्याची भीती असेल तर धोक्याच्या जागी उभं राहायचंच नाही, हेच तर खेळाचं कौशल्य. साठनंतर रेडला जाणारे पेट्रिफिकेशनचा फ्लास्क बाळगतात: ६० सेकंद दगड, इजा नाही, हालचालही नाही. पण रेड लीडरचा कॉल यायच्या आधी एकट्याने प्यायलात तर सगळे राक्षस बाकीच्यांवर जातात. एकाच्या सुटकेची किंमत इतरांचे दोनशे-दोनशे तास.

पुलटायमर

म्हणजे शेवटी तुम्हीही वेळ इतरांच्या हातात देताच की! हेच सांगतोय. वर पोचलं की एकट्याचं काही उरत नाही, मग तो जीव असो नाहीतर व्हॉल्ट.

चहा_ब्रेक

फायनल फँटसी चौदा या दुसऱ्या ऑनलाइन खेळात यावर सरळ तोडगा आहे: चांगलं गिअर घ्यायचे टोमस्टोन (खेळातलं चलन) आठवड्याला ४५० च मिळतात, छातीचं चिलखत ८२५ चं. दिवसाला एक तास खेळा नाहीतर दहा, दोन आठवड्यांशिवाय ते मिळत नाही. निर्माते योशिदा स्वतः सांगतात की कंटाळा आला तर वर्गणी थांबवा, दुसरं काही खेळा, नवीन भाग आला की या.

पुलटायमर

आणि म्हणून तिकडचे लोक मंगळवारी लॉग इन होतात, बुधवारी बंद.

जुना_गिल्डमास्तर (धागाकर्ता)

पुलटायमरांचा सक्तीचा मुद्दा मान्य, तो माझ्याकडून सुटला होता. पहिल्या दोन आठवड्यांत रेडरला डेल्व्ह कराव्या लागतातच. पण तिसऱ्या आठवड्यापासून लागत नाहीत आणि एकट्या खेळाडूला सीझनभर लागतात, हा फरक माझ्या मते पुरेसा आहे.

डेल्व्ह सुरू करणाऱ्यांसाठी: व्हॉल्टच्या मोजणीला कॉफर की (पेटीची चावी, डंजनची की नव्हे) लागत नाही, ती फक्त बाउंटिफुल पेटीसाठी. चौथ्या टियरपासून मरणं मोजून मिळतात. ती संपली की शेवटचं बक्षीस हातचं जातं. द वॉर विदिनच्या डेल्व्हमध्ये, टँक किंवा हीलर नसाल तर ब्रॅनला (सोबत येणारं खेळातलं पात्र) हीलर करा. तो जमिनीवर औषधाच्या बाटल्या टाकतो, त्या चालत जाऊन पायाखाली घ्याव्या लागतात. बहुतेक जण मरतात ते बाटली तीन पावलांवर पडलेली असताना.

रात्रपाळी

युरोपात शनिवारी दुपारी दोनला रेड करणारं कोणी माहीत आहे का? हिवाळ्यात आपले साडेसहा होतात.

पुलटायमर

अशी गिल्ड असतात, "वीकेंड डे रेडिंग" म्हणून शोधा. बहुतेकांची धाव हिरोइकपर्यंत. अर्ज करताना पिंग आधीच लिहा, आणि घड्याळ बदलायच्या आठवड्यात इन-गेम कॅलेंडर बघा, ते सर्व्हरची वेळ दाखवतं.