मदत हवी आहे: जुनी केमन (९८१ पिढीची) की जुनी एफ-टाइप एस? (इंदूर)

मालवी_चाक: नमस्कार मंडळी. दोन गाड्यांवर येऊन अडकलोय. एक २०१४ ची पोर्शे केमन, २.७ लिटर, पीडीके (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स), ३१,००० किमी, मुंबई पासिंग. दुसरी २०१५ ची जॅग्वार एफ-टाइप एस कूपे, ३.० लिटर सुपरचार्ज्ड (जादा हवा दाबून भरणारं) व्ही६ इंजिन, २४,००० किमी, दिल्ली पासिंग. भाव जवळपास सारखा. वापर रविवारी सुपर कॉरिडॉर, अधूनमधून मांडू-महेश्वर. २७५ विरुद्ध ३८० हॉर्सपॉवर, शिवाय किमी कमी, म्हणून मन जॅग्वारकडे ओढतंय. काय काय तपासू?

तुकोगंजकर: किमीवर भाळू नका. इतक्या वर्षांत रबर, प्लास्टिक आणि तेलं न चालताही वयाने जातात.

जॅग्वारच्या या व्ही६ चं खरं दुखणं कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी. ते वाहून नेणारे पुढचा क्रॉसओव्हर पाइप आणि मागचा हीटर मॅनिफोल्ड दोन्ही प्लास्टिकचे, गरम-थंड होऊन सांध्याशी तडकतात. मागच्यापर्यंत पोचायला सुपरचार्जर उतरवावा लागतो, त्यामुळे पार्टपेक्षा मजुरी जड. कूलंट निघून गेलं की सेन्सर कोरडा पडतो आणि तापमान खरं दाखवत नाही. कळेपर्यंत हेड गॅस्केट गेलेलं असतं. इंजिन पूर्ण थंड असताना कूलंटच्या टाकीतली पातळी बघा, पुढच्या बाजूला सुकलेले डाग शोधा. दोन्ही पाइप आणि वॉटर पंप बदलल्याचं बिल हवं. नसेल तर तो खर्च भावातून कापा आणि गाडी इंदूरला आणण्याआधीच काम करून घ्या. मे महिन्यात एबी रोडच्या जाममध्ये, एसी चालू असताना, अर्धवट तडकलेला पाइप तग धरत नाही.

गाडी उभी ठेवून इंजिन चालू असताना (आयडलला) पुढून खळखळ आली तर सुपरचार्जरचा कपलर (आतला जोड) झिजलाय. तो स्वस्तातला भाग आहे, घाबरू नका.

पिस्टन_विजयनगर: केमनला आयएमएस बेअरिंगची (जुन्या पोर्शे इंजिनांतला बदनाम भाग) भीती नाही, या इंजिनात ते नाहीच. पण तीन गोष्टी बघाच.

पीडीकेत क्लचचं तेल वेगळं, गिअरचं वेगळं. क्लचचं ६ वर्षं किंवा ९०,००० किमी, जे आधी येईल ते. ३१,००० वाल्या गाडीत ६ वर्षंच आधी येतात आणि नेमकं हेच राहून जातं. बिलावर कोणतं तेल ते लिहिलेलं हवं.

रेडिएटर पुढच्या बंपरमागे डाव्या-उजव्या कोपऱ्यात असतात. तिथे पाला साचून ओल धरते आणि एसीचे कंडेन्सर सडतात. टॉर्च मारा.

तिसरी सगळ्यात कामाची: स्कॅनरवर ईसीयूमधले (गाडीच्या कॉम्प्युटरमधले) इंजिनाचे एकूण तास काढून घ्या. ३१,००० ला तासांनी भागा. उत्तर ताशी २५–३५ किमी आलं तर पटण्यासारखं. १२–१५ आलं तर मीटर मागे फिरवल्याचा दाट संशय धरा.

मालवी_चाक: आभार. पेट्रोल आणि कागदपत्रांचं?

तुकोगंजकर: दोन्ही गाड्या ई१० (१०% इथेनॉल) पर्यंतच्या इंधनासाठी बनलेल्या, ऑक्टेन किमान ९५ हवं. साधं ई२० पेट्रोल टाकून गाडी महिना-महिना उभी ठेवू नका. पंपावर ऑक्टेनसोबत इथेनॉलचं प्रमाणही विचारा. बॅटरी मेंटेनर (उभ्या गाडीची बॅटरी भरलेली ठेवणारा चार्जर) लावून ठेवा. एफ-टाइपला दोन बॅटऱ्या आहेत, एक कमजोर झाली तरी डॅशबोर्डवर नसत्या वॉर्निंग येतात.

मूळ आरटीओची एनओसी (ना-हरकत) म्हणजे फॉर्म २८, सोबत मालकी बदलाचे २९ आणि ३०. गाडीवर कर्ज असेल तर त्याची नोंद उतरवायचा ३५. मध्य प्रदेशचा रोड टॅक्स किती बसेल ते टोकन देण्याआधी इंदूर आरटीओत विचारा, या किमतीच्या गाडीला तो आकडा मोठा असतो.

पिस्टन_विजयनगर: मुंबईच्या गाडीला एक जास्तीचं बघा. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा. आतल्या टोकाला गाळाची रेघ किंवा सीटच्या रुळांना गंज दिसला तर ती पाण्यात बुडालेली आहे, सोडून द्या. टायरवरचे शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात. ६ वर्षांवरचे असतील तर चारही नवे धरून हिशेब करा.

माझं मत केमन, तेलाची बिलं असतील तर. जॅग्वार घ्यायचीच तर पाइप बदललेलीच घ्या, मग तुमचा मानपूर घाट तिला जड नाही.