इंग्रजी 'फूट' म्हणजे पाय की पाऊल?

प्रश्न (रावेर):
माझी मुलगी धुळ्याला नर्सिंगचे शिक्षण घेत आहे. रुग्णाचा पाय सुजल्याची नोंद इंग्रजीत करताना 'फूट' लिहावे की 'लेग', याबद्दल तिचा गोंधळ होतो. शिवाय 'फूट'चे अनेकवचन 'फीट' असताना 'सिक्स-फूट वॉल' असे का लिहितात, हेही जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर (धुळे):
घोट्याखालचा भाग, म्हणजे टाच, तळवा आणि बोटे मिळून होणारे पाऊल, हा 'फूट'. त्याच्यावरचा मांडीपर्यंतचा भाग बोलण्यात 'लेग'. आपल्याकडे 'मना पाय दुखस' म्हणणाऱ्याचे दुखणे कमरेखाली कुठेही असू शकते, म्हणून त्याला आधी बोट ठेवून जागा दाखवायला सांगावे आणि शब्द नंतर निवडावा. शरीररचनाशास्त्रात 'लेग' आणखी आखूड होतो: तिथे तो गुडघ्यापासून घोट्यापर्यंतच असतो आणि मांडीला 'थाय' हे वेगळे नाव आहे. म्हणून पोटरी सुजली असल्यास 'लेग', पाऊल सुजले असल्यास 'फूट', आणि घोटाच सुजला असल्यास सरळ 'अँकल' लिहावे. मधुमेहींच्या तळव्यावर होणाऱ्या जखमेला 'डायबेटिक फूट अल्सर' म्हणतात. तिथे 'लेग' लिहिले, तर पुढच्या पाळीची परिचारिका पोटरीच तपासत बसेल.

उत्तर (अमळनेर):
दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर व्याकरणात आहे. संख्या आणि माप ही जोडी नामाच्या आधी विशेषण म्हणून आली की इंग्रजीत माप एकवचनी राहते, म्हणून 'सिक्स-फूट वॉल'. पण वाक्याच्या शेवटी 'द वॉल इज सिक्स फीट हाय' असेच होते. मराठीने ही कटकट ठेवलीच नाही: भिंत सहा फूट उंच असते आणि केळी पाच बाय पाच फुटांवर लागते. एका गुंठ्याचे १०८९ चौरस फूट, म्हणजे ३३ फूट बाजूचा चौरस, हा हिशेब आपल्या शेतकऱ्यांना तोंडपाठ असतो. मापाचा आजच्या कोणाच्याही पावलाशी संबंध उरलेला नाही. १९५९ पासूनच्या आंतरराष्ट्रीय व्याख्येनुसार फूट म्हणजे नेमका ०.३०४८ मीटर.

प्रश्नकर्ता (रावेर):
आभारी आहे. सातपुड्याच्या पायथ्यालाही 'फूट'च म्हणावे का? आणि गुरांच्या बाबतीत काय?

उत्तर (चोपडा):
पायथ्याला 'द फूट ऑफ द हिल्स' म्हणतात. टेकड्या अनेक असल्या तरी तिथे 'फूट' एकवचनीच राहतो. गुरांचा 'फूट' खुराकडचा भाग असतो. लाळ-खुरकुताचे इंग्रजी नाव 'फूट अँड माउथ डिसीज' आहे, कारण फोड तोंडात आणि खुरांच्या बेचक्यात येतात.