फँटास्टिक फोरचा तिसरा अंक: इथून गाडी रुळावर येते का?

जिरावनवाला

रामराम मंडळी. आधीच सांगून टाकतो, मी यातला जाणकार वगैरे नाही. लहानपणी रामबागेत आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक जण ओट्यावर दोरी बांधून चिमट्यांनी कॉमिक्स लटकवायचा, तिथून भाड्याने आणून वाचायचो तेवढंच, आणि ती पण सगळी हिंदी. आता बहिणीचा मुलगा सुट्टीत इंदूरला आलाय, आठवीत आहे, सिनेमे सगळे पाहून झालेत आणि त्याला "मामा, सुरुवातीपासून वाचायचंय". म्हणून मार्व्हल कंपनीच्या फँटास्टिक फोर या अमेरिकन सुपरहिरो कॉमिकचे पहिले दहा अंक एकत्र असलेलं जाडजूड पुस्तक मागवलं. रात्री जेवण झालं की गच्चीवर चटई टाकून एक अंक, तो वाचतो आणि मी आईला मराठीत सांगत जातो, कारण आई पण येऊन बसते, आणि तिला मधलं काही गाळलेलं चालत नाही.

पहिला अंक, नोव्हेंबर 1961 चा, मजेत गेला. आकाशात अक्षरं उमटतात आणि तीन माणसं जिथे असतील तिथून निघतात. एक बाई मैत्रिणीबरोबर चहा घेता घेता दिसेनाशी होते, ओव्हरकोटातला एक धिप्पाड माणूस कपड्यांच्या दुकानातून तोडफोड करत बाहेर पडतो, आणि एक पोरगा गॅरेजमध्ये गाडीत बसल्या बसल्या पेटतो, गाडी वितळून जाते. कोण आहेत, कुठले आहेत, काही सांगत नाहीत, मग मागे जाऊन यानाची गोष्ट: शास्त्रज्ञ रीड, सू, तिचा भाऊ जॉनी आणि वैमानिक बेन अंतराळात जातात आणि तिथल्या किरणांनी बदलतात. रीड रबरासारखा ताणला जातो, सू अदृश्य होते, जॉनी पेटतो आणि बेन दगडासारखा होतो, तोच थिंग. आवडलं. दुसऱ्यात रूप बदलणारे परग्रहवासी, स्क्रल, ठीक होतं.

तिसऱ्यात अडकलो. मिरॅकल मॅन नावाचा जादूगार स्टेजवरून थिंगला म्हणतो की हा ओंडका फोडून दाखव, थिंग ठोसे मारून मारून फोडतो, आणि हा नुसत्या बोटाने फोडतो. मग सिनेमाच्या जाहिरातीसाठी उभा केलेला राक्षसाचा पुतळा जिवंत करतो. आणि शेवटी काय तर असं काही झालंच नव्हतं, सगळं संमोहन! आई म्हणाली, "म्हणजे शेवटी स्वप्न पडलं होतं म्हणायचं, तसंच की हे."

भाचा मात्र खूश, कारण याच अंकात ड्रेस आले. तो पहिल्या दिवसापासून विचारत होता की हे लोक घरच्या कपड्यात का फिरतात. उडणारी गाडी पण आली, हेडक्वार्टर पण आलं, आतल्या मजल्यांचं कापून दाखवलेलं चित्र आहे त्यावर त्याने अर्धा तास घालवला. बऱ्याच ठिकाणी वाचलं की सीरिज तिसऱ्या अंकात जागेवर येते. मला तर तो पहिल्यापेक्षा कच्चा वाटला. माझं काही चुकतंय का? आणि खरं जमतं कुठून?

सेव_जास्त

सरळ पाचवा उघड. त्यात व्हिलन डॉक्टर डूम. बाकी सोड भिया.

खजुरीबाजार

"बाकी सोड" नको रे सांगू पोराला, चौथा सोडला तर सगळीच गंमत गेली.

जिरावनवाले दादा, तुमचं काही चुकत नाहीये, तिसऱ्याची गोष्ट कच्चीच आहे. आणि एक बघितलंत का, दुसऱ्या अंकाचा शेवट पण संमोहनानेच होतो. रीड त्या स्क्रलना संमोहित करून सांगतो की तुम्ही गाई आहात, आणि ते बिचारे शेतात चरायला लागतात. लागोपाठ दोन अंक एकच युक्ती, एकदा हिरोची आणि एकदा व्हिलनची. त्याच दुसऱ्या अंकात स्क्रलच्या सरदाराला घाबरवायला रीड पृथ्वीवरच्या राक्षसांचे फोटो म्हणून कसली चित्रं दाखवतो? याच कंपनीच्या स्ट्रेंज टेल्स आणि जर्नी इंटू मिस्ट्री या कॉमिक्समधून कापलेली! स्वतःच्याच दुकानातला माल पुरावा म्हणून पुढे केला. मला ते अजून आवडतं, पण हा राक्षसवाल्या कॉमिक्सचा हात आहे, सुपरहिरोचा नाही.

कारण लेखक स्टॅन ली आणि चित्रकार जॅक कर्बी तोपर्यंत तेच करत होते, दर महिन्याला एक नवा अगडबंब राक्षस, नाव एकदम विचित्र, पाचसात पानांत गोष्ट खलास. पहिल्या अंकाचं कव्हरच बघा ना, जमीन फोडून राक्षस वर आलाय आणि आपले चार हिरो त्याच्या भोवती चिल्लर दिसतायत. आत पण गोष्ट भागाभागांत तोडलेली, प्रत्येक भागाला वेगळं शीर्षक. म्हणजे हात अजून जुन्याच वळणाचा होता.

आता ड्रेसचं. ड्रेस, गाडी, इमारत हे सगळं तिसऱ्यात आलं, मार्च 1962, वाचकांच्या पत्रांचं पान पण तिथूनच सुरू झालं, आणि किंमत 10 सेंटची 12 झाली ती पण तेव्हाच. (इमारतीला बॅक्स्टर बिल्डिंग हे नाव मात्र सहाव्यात मिळतं.) पण हे झालं सामान. नव्या घरात सोफा आला, फ्रीज आला, म्हणून घर लागलं असं होतं का?

माझ्या मते तिसऱ्यातलं सगळ्यात महत्त्वाचं पान शेवटचं. जॉनीच्या आगीच्या लखलखाटाने मिरॅकल मॅनचे डोळे दिपतात, त्याचं संमोहन जातं, म्हणजे जिंकून दिलं पोराने. आणि लगेच थिंगशी वाजतं आणि जॉनी रागावून उडून जातो. बस, अंक संपला! पहिल्यात राक्षसांचं बेट बंद, दुसऱ्यात स्क्रल गाई, दोन्हीकडे शेवटी सगळं निस्तरलेलं होतं. इथे व्हिलन पकडला गेलाय आणि घर फुटलंय. चौथा अंक त्याच भांडणातून सुरू होतो, तिघं जण पोराला शोधत न्यूयॉर्कभर फिरतायत, आणि तो कुठे, तर बॉवरीतल्या एका भिकार लॉजमध्ये खाटेवर पडून जुनं कॉमिक वाचतोय.

पुढचं नाही सांगत, आजींची मजा जाईल.

तुलनेला त्याच घरातला हल्क घ्या. मे 1962 ला सुरू झाला. पहिल्या अंकात करडा, दुसऱ्यापासून हिरवा, कारण तो करडा रंग छापताना पानोपानी वेगळाच उतरत होता. ते सोडा, रंगाने काही अडलं नाही. अडलं ते हे की तो बदलतो कसा, याचा नियमच दर अंकाला वेगळा. आधी सूर्य मावळला की, मग रिक नावाचा पोरगा त्याला मनाने चालवतो, मग बॅनर, म्हणजे हल्क होणारा शास्त्रज्ञ, मशीनखाली उभा राहून स्वतःच बदलतो. सहा अंकांत, मार्च 1963 ला बंद. राग आला की हल्क, हे आपल्याला जे पाठ आहे ते नंतर दुसऱ्या मासिकात आलं. तिथे नियम बदलत बसले, इथे चौघांना एकमेकांशी भांडू दिलं. फरक तिथे पडला असं मला वाटतं.

रेघोट्या

खजुरीबाजार काका, शेवटच्या पानाचं पटलं, पण जरा उशिरा पोचलात तुम्ही. 🙂 मी मुलांना चित्रकला शिकवते म्हणून आधी चित्रं बघते आणि नंतर संवादांचे फुगे वाचते, आणि मला पाय जमिनीला लागलेला दिसतो तो पहिल्याच अंकात, यान सुटायच्या आधी. बेन सांगतोय की वर कॉस्मिक किरणांचं काय होईल आपल्याला माहीत नाही, मी यान नेणार नाही. सू म्हणते, कम्युनिस्ट आपल्या पुढे जातील, आणि तू भित्रा असशील असं वाटलं नव्हतं. लक्षात घ्या, हा अंक स्टॉलवर आला ऑगस्ट 1961 ला, रशियाचा गागारिन एप्रिलमध्ये अंतराळात जाऊन आलेला. बेन टेबलावर हात आपटतो आणि तयार होतो. म्हणजे ज्याला नको होतं त्याला टोमणा मारून नेलं, आणि दगड कोण झाला? तोच. रीडचं काय, लांब झाला, आखूड झाला, संपलं. आता या चौघांना एका खोलीत नुसतं बसवलं तरी गोष्ट चालू होते, व्हिलन लागतच नाही. तिसऱ्या अंकात भडकलं ते तिथलंच धुमसत होतं.

आणि दादा, तुमच्या भाच्याला एक दाखवा. तिसऱ्यात सू सगळ्यांना ड्रेस देते, बेनला पण अंगभर ड्रेस आणि वर हेल्मेट. तो त्याच अंकात ते ओरबाडून टाकतो आणि नुसत्या चड्डीवर राहतो. इतकी वर्षं तो तसाच दिसतो की नाही? ज्या अंकात सगळ्यांना युनिफॉर्म मिळाला त्याच अंकात एकाने नाकारला, आणि मला विचाराल तर त्या अंकातली सगळ्यात खरी चौकट ती.

चित्रात पण हात बसतोय हे दिसतं. पहिल्या अंकातला थिंग मातीचा गोळा पिचकवून ठेवल्यासारखा आहे, त्या विटा-विटांचं अंग बरंच नंतर आलं. जॉनी तर नुसता आगीचा लोळ, त्यात माणूस शोधावा लागतो, पुढे हळूहळू अंगाच्या रेषा दिसायला लागतात. या लोकांची पद्धत अशी की गोष्ट मोघम ठरायची, कर्बी पानंच्या पानं काढून आणायचा आणि स्टॅन ली नंतर फुगे भरायचा. त्यामुळे कधी चित्र एक सांगतं आणि फुगा तेच परत सांगतो. सुरुवातीला हे फार आहे. आजींना सांगताना अर्धे फुगे गाळलेत तरी चालेल.

भाड्याचं_कॉमिक

ओट्यावरची दोरी आणि चिमटे वाचून डोळ्यांसमोर आलं हो सगळं! आमच्याकडे नियम होता, घरी न्यायचं तर जास्त पैसे, तिथेच पायरीवर बसून वाचलं तर कमी, म्हणून उन्हाळ्यात पायरीवर जागा मिळायची नाही आणि मागचा पोरगा खांद्यावरून वाचत असायचा, पान उलटलं की ओरडायचा "रुक ना यार".

विषयावर येतो. आपल्या हिंदी कॉमिक्समधला नागराज आठवा. 1986 चा पहिला अंक. तो त्यात हिरो नाहीच आधी, प्रोफेसर नागमणीने बनवलेलं हत्यार आहे, आतंकवाद्यांना भाड्याने द्यायला. मग बाबा गोरखनाथ त्याला त्या ताब्यातून सोडवतात आणि तिथून तो उलटा फिरतो. लहानपणी मला फक्त मनगटातून साप निघतात एवढंच दिसायचं. आता वाटतं की पहिल्याच अंकात हिरोला चुकीच्या बाजूला उभा करायला केवढी हिंमत लागली असेल. पण नंतरचे कित्येक अंक म्हणजे हा देश, तो देश, नवा आतंकवादी, मारामारी, पुढे. सामान भरपूर आणि घरात भांडायला कोणी नाही. काकांच्या हिशोबाने बघितलं तर लगेच लक्षात येतं.

उलट दुसरा हिंदी हिरो ध्रुव, 1987, पहिल्या अंकापासून बसलेला. सर्कसमध्ये वाढलेला पोरगा, सर्कस जळते, आई-बाप जातात, अंगात कसलीच शक्ती नाही, जे शिकला ते सर्कशीत शिकला. का बसला, तर अनुपम सिन्हा लिहायचे पण आणि काढायचे पण. एकाच डोक्यातून सगळं. ली-कर्बीचं दोन डोक्यांचं काम, एकमेकांचा अंदाज यायला दोनचार अंक जाणारच की.

सेव_जास्त

बरं बाबा हरलो. पण पाचव्यात डूम येतो आणि त्यांना समुद्री चाच्याचा खजिना आणायला भूतकाळात पाठवतो, तिथे थिंग दाढीबिढी लावून स्वतःच ब्लॅकबिअर्ड होतो आणि म्हणतो मी इथेच राहतो, इथे मला कोणी राक्षस म्हणत नाही. ताई, हे तुमच्याच मुद्द्यात बसतं ना? आणि शाई, म्हणजे पेन्सिलच्या चित्रावर शाईने पक्क्या रेषा काढायचं काम, जो सिनॉटचं आहे त्या अंकात, पानं एकदम स्वच्छ. मी काय उगाच पाचवा म्हणत नव्हतो.

रेघोट्या

बसतं! हे आधी लिहायचं ना मग, नुसतं "बाकी सोड" काय.

जिरावनवाला

सगळ्यांचे आभार. काल चौथा वाचला. लाइट गेली होती म्हणून मोबाइलच्या उजेडात, डास चावत होते, तरी कोणी उठलं नाही.

ती लॉजमधली जागा. जॉनी जुनं कॉमिक उघडतो, त्यात 1940च्या दशकातला सब-मरिनर, म्हणजे समुद्राखालचा राजपुत्र नेमॉर. शेजारच्या खाटेवर एक दाढीवाला भणंग, स्वतःचं नाव-गाव विसरलेला, बाकीचे त्याची टर उडवतायत. जॉनी बोटाच्या ज्योतीने त्याची दाढी-केस अलगद जाळून काढतो, न्हाव्यासारखे, आणि खालून चेहरा निघतो तो त्या कॉमिकमधलाच. भाचा ओरडला. मला खजुरीबाजार काकांनी का नाही सांगितलं ते कळलं. घरातून भांडून निघालेला पोरगा नसता तर तो त्या लॉजमध्ये गेला नसता, आणि नेमॉर सापडला नसता. मिरॅकल मॅनच्या त्या फालतू गोष्टीचा उपयोग झाला म्हणायचा. आणि मग जॉनीच घाबरून आकाशात आगीचा 4 काढतो, घरच्यांना बोलवायला.

बेनने ड्रेस फेकल्याची चौकट पण आईला परत मागे जाऊन दाखवली. ती बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "शिवले कोणी हे?" म्हटलं, त्या सूने. तर म्हणे, "मग तिने काही म्हटलं नाही त्याला?"

भाच्याची परतीची गाडी रविवारची आहे. पाचवा आज, सहावा उद्या.