घरात दखनी बोलणाऱ्या लेकरांना हिंदी वेगळी शिकवावी का?

हिंदी शिक्षक, परभणी
आमची शाळा मराठी माध्यमाची, हिंदी पाचवीपासून. वर्गातली काही लेकरं घरात, गल्लीत दखनीच, म्हणजे इकडची हिंदी-उर्दूच्या जवळची बोली, बोलतात. आपण मात्र त्यांनाही 'यह कमल है'पासून सुरुवात करायला लावतो. पोरं कंटाळतात आणि पेपरात मागं पडतात.

परवा दोन पोरांच्या वह्या शेजारी ठेवल्या. मराठी घरातल्यानं लिहिलंय 'मैं रोटी खाई', दखनी घरातल्यानं 'मैं रोटी खाया'. दोन्हींवर लाल रेघ. पण दुखणं वेगळं आहे. 'मी भाकरी खाल्ली' म्हणणाऱ्याला क्रियापद भाकरीप्रमाणं फिरवायची सवय असतेच, त्याला फक्त 'ने' द्यायचा. दखनीत 'ने' नाही आणि क्रियापद कर्त्याप्रमाणं चालतं, म्हणून दुसऱ्याला दोन्ही गोष्टी नव्यानं शिकाव्या लागतात. एकच धडा दोघांना कसा पुरेल? आठवड्यातून एक तास तरी या लेकरांना वेगळा द्या.

निवृत्त मुख्याध्यापक, जालना
सर, कळकळ कळते, पण हे करू नका. 'दखनीवाले इकडं बसा' म्हणालात की संध्याकाळपर्यंत गावात त्याचा भलताच अर्थ निघेल. दहावीचा पेपरही सगळ्यांना एकच असतो. उलट मराठी पोरं हिंदीत तोंड उघडायला बिचकतात, ही लेकरं बिनधास्त बोलतात. एकत्र बसली तर दोघांचंही भलं.

औसेकर
माझ्या घरात दखनी. शाळेत बाईंनी सगळ्यांसमोर 'ही कसली गावंढळ हिंदी' म्हटलं, त्यानंतर दहावीपर्यंत मी त्या तासाला बोलले नाही. वेगळा तास नको, हा अपमान तेवढा बंद करा. वली आणि सिराज हे जुने कवी, दोघंही औरंगाबादी म्हणून ओळखले जातात. वलीचा दीवान, म्हणजे कवितासंग्रह, दिल्लीत पोचला तेव्हा फारसीत लिहिणारे तिथले कवी बोलीभाषेतल्या कवितेकडं वळले. हे वर्गात एकदा तरी सांगा की.

हिंदी शिक्षक, परभणी
ताई, हे मी नक्की सांगणार. सर, बाकं वेगळी नकोत, मान्य. पण काम वेगळं हवंच. अमेरिकेत घरी स्पॅनिश बोलणाऱ्या मुलांसाठी कितीतरी ठिकाणी वेगळे कोर्स चालतात, कारण ती मुलं समजतात-बोलतात पण औपचारिक लिहिताना अडतात. आपली लेकरं तशीच. देवनागरी तर मराठीतून आलेलीच असते, म्हणजे अक्षरओळखीचे तास त्यांच्यासाठी वायाच. त्या वेळात त्यांना उतारा द्या, पत्र लिहायला द्या.

निवृत्त मुख्याध्यापक, जालना
साठ पोरांच्या वर्गात दोन तऱ्हेचा गृहपाठ तपासणार कोण? मास्तर आधीच सर्वेक्षणात अन् निवडणुकीच्या कामात अडकलेला.

हिंदी शिक्षक, परभणी
तपासायला एकच वही, सर. वाक्य फळ्यावर घरच्या बोलीत लिहायचं, खाली पुस्तकातलं, आणि काय बदललं ते पोरांनीच सांगायचं. सोमवारी सहावीत करून बघतो.

औसेकर
पहिलं वाक्य त्या पोरांना लिहू द्या.