‘हर्ष’ कुठे, ‘आनंद’ कुठे?

नमस्कार मंडळी,
निमंत्रणाच्या मसुद्यात ‘कळविण्यास अत्यंत हर्ष होत आहे’ असं वाक्य आलंय. व्याकरणात चूक सापडत नाही, पण कानाला खटकतं. ‘हर्ष’ नेमका कुठे शोभतो?

*

खटकतंय ते बरोबरच आहे. पत्रातली रुळलेली रचना ‘कळविण्यास आनंद होतो’ ही. ‘हर्ष’ अंगावर उमटणारा असतो. मूळ धातू ‘हृष्’, म्हणजे रोमांच उभे राहणे, आणि काटा आनंदानेच येतो असं नाही. गीतेत अर्जुन ‘रोमहर्षश्च जायते’ (१.२९) म्हणतो तेव्हा त्याचे हातपाय गळालेले असतात, संजय ‘हृष्यामि च पुनः पुनः’ (१८.७७) म्हणतो तो आनंदाने. धातू एकच.

मराठीत ‘हर्ष’ आनंदाकडेच झुकला, पण त्यातला अचानकपणा टिकला. म्हणून त्याला निमित्त लागतं: ‘निकाल ऐकताच तिला हर्ष झाला.’ ‘या कामात मला कायमचा हर्ष मिळतो’ हे चालणार नाही, तिथे आनंदच हवा. शिवाय हर्ष ‘मिळत’ नाही. तो होतो किंवा वाटतो. मसुद्यातला ‘अत्यंत’ही काढा, तो भर शब्दातच आहे. आणि लिहिताना ‘हर्षित’, ‘हर्षीत’ नव्हे.

*

एक भर घालते. बोलताना आपण ‘हर्ष झाला’ क्वचितच म्हणतो, म्हणतो ‘हरखला’. शब्द तोच, ‘र्ष’ फोडून आणि ‘ष’चा ‘ख’ करून, जसं विषाचं ‘विख’. जुन्या मराठीत ‘हरिख’ही आहे. मला तर हे रूप मूळ शब्दापेक्षा जिवंत वाटतं: ‘खेळणं पाहून पोर हरखलं’ यात डोळे विस्फारलेले दिसतात.

क्रियापद अकर्मक आहे. तो हरखला, ती हरखली, ते हरखलं. ‘त्याने हरखलं’ चुकीचं. जोर हवा तर ‘हरखून गेली’.

‘हुरळणे’ मात्र त्याच्या जागी घालू नका. त्यात भान सुटल्याचा ठपका आहे, ‘हुरळली मेंढी लागली लांडग्याच्या पाठी’ ही म्हण तेच सांगते. अभिनंदनाच्या पत्रात ‘बातमी वाचून आम्ही हुरळून गेलो’ लिहिलं, तर बातमी खोटी निघाली की काय असं वाटेल. ‘हर्षवायू झाला’ यातही वेडाची छटा आहे, पण ती प्रेमळ. घरगुती बोलण्यात खुशाल वापरा, निमंत्रणात नको.